उठला आणि चालता झाला

“मग ‘तिटकारा केला’ असं लिहू,” अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी पेनाचे टोपण काढलेसुद्धा.

आत्याबाईंनी नकारार्थी मान हलवली. धर्मग्रंथाच्या भाषांतर मंडळात सगळे त्यांना आत्याबाईच म्हणत, आधीचे सर अध्यक्ष होते तेव्हापासून. आज टेबलावर दोन भावांची गोष्ट होती. थोरला रानातून दमूनभागून येतो. धाकट्याच्या चुलीवर मसूर शिजत असतो. त्या एका वाडग्यापायी थोरला आपला थोरलेपणाचा हक्क देऊन टाकतो. गोष्टीच्या शेवटी एक हिब्रू शब्द येतो, ‘बाझा’. थोरल्याने त्या हक्काचे काय केले, ते सांगणारा. सकाळपासून गाडी तिथेच अडली होती.

“तिटकारा यायला माणसाचं पित्त खवळावं लागतं,” आत्याबाई म्हणाल्या. “हा कुठे चिडलाय? हा पोटभर जेवलाय.”

मास्तर फस्सकन हसले. भाषेचा कान चांगला म्हणून मंडळाने त्यांना घेतले होते, पण तो कान बहुतेक वेळ अध्यक्षांकडे लागलेला असे. त्यांनी हसू गिळले आणि ते उगाच कागद चाळू लागले.

आधीच्या सरांच्या वेळी शब्द अडला की एक रीत होती. ज्याला अर्थ उमगला असेल त्याने उठायचे आणि तोंडातून अवाक्षर न काढता तो करून दाखवायचा. बाकीच्यांनी बघून तोंडाला येईल ते बोलायचे. त्या बोलण्यातच नेमका शब्द सापडे. ‘लंगडला’साठी सर स्वतः टेबलाभोवती लंगडले होते, आणि टेबलाचा पाय लागून पुढे आठवडाभर खरोखरच लंगडत होते. या अध्यक्षांनी आल्या आल्या ती रीत मोडली. मंडळ म्हणजे पोरखेळ नव्हे, म्हणाले.

चहा आला. बिस्किटांची बशी फिरली. चहाबरोबर अध्यक्षांनी दुसराच विषय काढला. आत्याबाईंचे आता वय झाले. पुढच्या ग्रंथापासून त्यांना सन्माननीय सदस्य करावे, असे त्यांच्या मनात होते. त्यांची खुर्ची खिडकीपाशी ठेवू, तिथे वारा छान येतो. टेबलापाशी अध्यक्षांचा शिष्य बसेल. आणि मताचे काय, असे आत्याबाईंनी विचारले, तेव्हा अध्यक्षांनी आवाजात मध घातला.

“मताची दगदग आता तुम्हाला कशाला, आत्याबाई?”

आत्याबाईंनी खुर्चीच्या हातावरून तळवा फिरवला. त्यांच्याच कोपरांनी ते लाकूड गुळगुळीत झाले होते. याच खुर्चीत त्यांचे केस पिकले. एकेका शब्दासाठी त्या इथे भल्याभल्यांशी भांडल्या होत्या, आणि भांडायला अजूनही विसरल्या नव्हत्या. पण आज आवाज चढवला असता तर अध्यक्षांना आयतेच सापडले असते. बघा, म्हातारपणी डोके फिरले, म्हणायला मोकळे.

त्यांनी बिस्कीट चहात बुडवून खाल्ले. दुसरेही खाल्ले. चहा पार तळाच्या साखरेपर्यंत प्यायल्या. रुमालाने ओठ टिपले. अध्यक्ष तेव्हा त्यांच्या प्रदीर्घ सेवेबद्दल बोलत होते, वाक्य अजून अर्ध्यावर होते. आत्याबाई उठल्या आणि चालत्या झाल्या. दार आपटलेदेखील नाही, नुसते ओढून घेतले.

बाहेर त्या दारालगत उभ्या राहिल्या.  आतून मास्तरांचा दबका आवाज आला, मनाला लागले वाटते त्यांच्या.

“लागलं कसलं?” अध्यक्ष कडाडले. “रडली का? भांडली का? मी इथे बोलतोय आणि ही बाई चहा ढोसून उठून जाते. काडीची किंमत दिली नाही मला!”

आत्याबाईंनी दार उघडले.

“हाच शब्द,” त्या म्हणाल्या. “लिहून घ्या, मास्तर. तो जेवला, प्याला, उठला आणि चालता झाला. आपल्या थोरलेपणाला त्यानं काडीची किंमत दिली नाही.”

मास्तरांनी लिहिले. वाक्य ओठांतल्या ओठांत वाचून पाहिले आणि अध्यक्षांकडे न बघता म्हणाले, “चपखल बसलं.”

अध्यक्ष अजून दाराकडेच पाहत होते. “म्हणजे तुम्ही गेला नव्हता?”

“जो गेला, तो हक्क टाकून गेला,” टेबलापाशी आपल्याच खुर्चीत बसत आत्याबाई म्हणाल्या. “घ्या मतं.”

आणि सगळ्यांच्या आधी त्यांनी आपला हात वर केला.