चतुर्दशीचं पान

मंडळी, जरा पुढे सरका. हरिनाम घेतलंत, आता एका आईची गोष्ट ऐका.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काकू, श्रीरंगच्या आधी घरात कुणी असा स्वतःचा जीव दिला होता?"

"छे हो! आमच्यात कुणीच नाही." सुलभाकाकूंनी सवयीनं सांगून टाकलं. श्रीरंगला या दवाखान्यात आणलं होतं, तेव्हाही हेच सांगितलं होतं. पोरगा आता घरच्या भिंतीवरच्या फोटोत होता, आणि तेव्हा तो बसला होता त्याच खुर्चीत आज त्याची धाकटी बहीण रेवा बसली होती, अन्नपाणी सोडलेली.

रेवा खाली मान घालूनच बोलली, "आई, आजोबांची तिथी पंचमी ना? मग पितृपक्षात त्यांचं पान चतुर्दशीला का वाढतेस?"

चतुर्दशी अपघातानं, शस्त्रानं नाहीतर स्वतःच्या हातानं गेलेल्यांची. गावाला सांगायला सासऱ्यांचं हार्टफेल होतं. पण पितरांशी खोटं बोलायला सासूबाई धजावल्या नव्हत्या, आणि त्यांच्यामागे काकूंनीही पान चतुर्दशीलाच ठेवलं होतं.

"होय हो, त्यांनीही तेच केलं," काकूंना हुंदका फुटला. "तेव्हाच सांगितलं असतं, तर माझा श्रीरंग..."

डॉक्टरीणबाईंनी त्यांचा हात धरला. "ते कुणालाच सांगता येणार नाही, काकू. हा कल कधी कधी रक्तातून येतो, मेंदूतली रसायनं ढळतात. त्यात पाप नाही. औषध आहे. रेवाला आपण जपू."

मायबापहो, सांजेला दिवा लावाल तेव्हा श्रीरंगची आठवण काढा. आणि हलक्या आवाजात नको. चांगलं मोठ्यानं त्याचं नाव घ्या.