वर गेला

"तांडेल वर गेला!" जेटीवरच्या वायरलेसमधून आवाज आला आणि येसू मटकन खाली बसली. बुडत्या होडीचा तांडेल तिचाच नवरा होता.

"वैनी, तसं नाय!" वायरलेसवाला ओरडला. "हेलिकॉप्टरात वर घेतलाय त्याला. पाण्यात उतरलेल्या जवानाने दोराला बांधून पाठवला."

हेलिकॉप्टर उतरलं. तांडेल आणि त्याचे खलाशी थरथरत बाहेर आले. येसूने नवऱ्याला चाचपून पाहिलं, मग विचारलं, "आणि तो जवान?"

"आत जागा नव्हती. आधी तुम्ही जा म्हणाला, नि लाटांत एकटाच राहिला."

हेलिकॉप्टर पुन्हा समुद्राकडे वळलं. तांडेलने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "चल घरी."

येसूचे डोळे समुद्राकडे आणि कान वायरलेसकडे लागले होते.

"थांबा. तो वर गेला, एवढं ऐकू द्या. मग जाऊ."