पहिल्या फुलपाखराची वही

"फुलपाखरू! ते बघा, भिंतीवर! पिवळं!" दाजी बाकावरून अर्धे उठून ओरडले.

घड्याळवाल्याने भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर एक भेग होती. ती मागच्या वर्षीही होती आणि तिने कधी पंख हलवले नव्हते.

दाजी म्हणजे घड्याळवाल्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पेशाने दातांचे डॉक्टर. दोघांमधून तीस वर्षं विस्तव जात नव्हता, आणि भांडण होतं एका वहीचं. ती घड्याळवाल्याच्या वडिलांनी सुरू केली होती. थंडी सरली की बागेत वसंतातलं पहिलं फुलपाखरू ज्याला दिसेल त्याने ओरडून सांगायचं, दुसऱ्याने नोंद लिहून साक्षीची सही ठोकायची, आणि वही वर्षभर जिंकणाऱ्याच्या घरी. सलग चार वर्षं जिंकला तर वही कायमची त्याची. गेली तीन वर्षं ती दाजींकडे, त्यांच्या कवळीच्या डबीशेजारी पडून होती. हे चौथं वर्ष.

या तीन वर्षांत दरवेळी व्हायचं ते असं. फुलपाखरू दिसायचं घड्याळवाल्याला. पण नोंदीत वेळ अचूक हवी, म्हणून तो आधी स्टॉपवॉचचं बटण दाबायचा आणि मग तोंड उघडायचा. तेवढ्यात दाजी ओरडून मोकळे. फुलपाखरू समोर असायचंच, त्यामुळे सही करण्यावाचून इलाज नसायचा. तो ती अशी करायचा की खालची दोन पानंही फाटावीत.

आज मात्र त्याला काहीच दिसलं नव्हतं. काल साफ केलेलं बटण नीट बसलंय का, एवढंच त्याने दाबून पाहिलं होतं.

त्याने दाजींकडे नीट पाहिलं. काळा चष्मा. बोट भिंतीकडे, पण कान मात्र घड्याळवाल्याच्या मुठीकडे कललेला.

त्याने पुन्हा बटण दाबलं. टक.

"दुसरं!" दाजी म्हणाले. "जोडी आहे हो!"

टक.

"अरे, थवाच आला की!"

घड्याळवाल्याने दाजींच्या नाकासमोर हात हलवला. काही नाही. मग त्याने जीभ बाहेर काढली. हे त्याला बहिणीच्या लग्नापासून करायचं होतं. दाजी शांतपणे भिंतीवरचा थवा बघत होते.

तीन वर्षांपूर्वी दाजींनी दवाखाना एकाएकी बंद केला होता. लोकांच्या तोंडात डोकावायचा कंटाळा आला, म्हणे. त्याच वर्षापासून ताई त्यांच्या दंडाला धरून चालायला लागली होती. 'या वयात कसलं हे मिरवणं!' असं घड्याळवाला चारचौघांत म्हणाला होता. ताईने तो दंड सोडला नव्हता. आत्ताही तिने दाजींना बाकावर आणून बसवलं होतं आणि ती बागेला फेरी मारायला गेली होती.

म्हणजे दाजींना दिसत नव्हतं. आणि वडिलांचा नियम पक्का होता. खोटी नोंद देणाऱ्याने वहीला पुन्हा हात लावायचा नाही. घड्याळवाल्याच्या अंगातून आनंदाची शिरशिरी गेली. आता हे गावभर सांगायचं. बाजारात सांगायचं, न्हाव्याकडे सांगायचं, येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचं. त्याने तोंड उघडलं.

आणि ते तसंच राहिलं. कारण त्याच्या दुकानाच्या पाटीवर लिहिलं होतं, 'बारीक नजर, अचूक वेळ'. त्या बारीक नजरेला तीन वर्षं ज्याला दिसतच नाही अशा माणसाने हरवलं होतं, हेही गावभर सांगावं लागणार होतं.

कारण एवढंच होतं. निदान स्वतःला तरी त्याने दुसरं कुठलं सांगितलं नाही.

"सही करताय ना, मेहुणे?" दाजी म्हणाले. "की ओळ दिसत नाहीये? वय झालं हो तुमचं. चष्मा घ्या."

"तुमच्यासारखा काळा घेऊ?"

बाकाची कड दाजींनी घट्ट धरली. दाजींनी सोबत आणून बाकावर ठेवलेली वही घड्याळवाल्याने उघडली. पहिलं पान वडिलांच्या अक्षरातलं होतं. ते त्याने शेवटचं पाहून घेतलं. आता ही वही कायमची अशा माणसाच्या घरी जाणार होती, ज्याला तिच्यातलं एक अक्षर वाचता येणार नव्हतं.

"नऊ वाजून चार मिनिटं," तो लिहिता लिहिता म्हणाला. "पिवळी. नग किती धरू?"

"तीन," दाजी म्हणाले. त्यांचा आवाज जरा खाली आला होता. "दिसली ना तुम्हाला?"

"दिसली. दिसायला काय झालं? आंधळा आहे का मी?"

त्याने सही केली. या वेळी कागद फाटला नाही. दाजींनी बोटांनी चाचपून वही छातीशी धरली आणि बऱ्याच वेळाने श्वास सोडला.

"पुढच्या वर्षी नवी वही काढू. जरा डोळे उघडे ठेवा," ते पुन्हा जोरात म्हणाले.

"तुम्ही पुढच्या वर्षापर्यंत टिका आधी."

फेरी संपवून ताई समोरून येत होती. पाच पावलांवर ती थबकली. दाजींच्या कोटाच्या बाहीवर एक फुलपाखरू येऊन बसलं होतं. खरंखुरं, पांढरं, या वर्षातलं पहिलं. घड्याळवाल्याचा अंगठा आपोआप बटणावर गेला आणि तिथेच थांबला.

"अगंबाई!" ताईच्या तोंडून निघून गेलं.

"काय गं? काय आहे?" दाजींनी विचारलं.

ताईने भावाकडे पाहिलं. भावाने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने दाजींच्या बाहीवर हलकेच फुंकर मारली.

"डास होता," तो म्हणाला.