इविकच्या वाटेवर

समुद्रावरचा बर्फ मोजायला विद्यापीठाची मुलं किनाऱ्यावर आली, तेव्हा बिबियाने नावाची म्हातारी वाट अडवून उभी होती. बाकी कुणाकडे न बघता ती थेट इविककडे गेली आणि तिची टोपी कानांवर ओढून म्हणाली, "कुठे निघालास?"

"बर्फावर, आई."

"नाही जायचं. गेल्या खेपेला माझं ऐकलं नाहीस."

डेन्मार्कहून आलेल्या सिग्नेने हळूच विचारलं, "ही तुझी आई?"

"मी हिचा मुलगा."

सिग्नेला हसू फुटलं. इविक मात्र शांतपणे सांगत राहिली, "हिचा इविक बर्फ फुटून बुडाला, त्याच वसंतात मी जन्मले. माझ्या घरच्यांनी त्याचं नाव मला दिलं. आमच्यात नाव आलं की माणूस परत येतो. मला अजून मिशी फुटली नाही म्हणून ही मला दर नाताळात टोमणे मारते."

मागे सर घड्याळ बघत होते.

इविकने तिथेच, किनाऱ्यापासून चार पावलांवर, गिरमिटाने बर्फाला भोक पाडलं. पट्टी आत सोडून तिचा आकडा बर्फाच्या तळाला अडकवला आणि वरच्या काठाशी आलेल्या खुणेवर बोट ठेवून ती म्हातारीसमोर धरली.

"सत्तर सेंटिमीटर. आपल्या सगळ्यांना पेलेल."

"आणि पुढे?"

"पुढे दर पन्नास पावलांवर असंच मोजणार. पातळ लागला की माघारी फिरणार."

बिबियानेने त्या खुणेवरून अंगठा फिरवला आणि ती वाटेतून बाजूला झाली.

"एवढंच शिकायला एकवीस वर्षं लावलीस," ती म्हणाली.