तिसरा अर्ज

मुळगावच्या त्या पत्त्यावर शाळा नव्हती. कुलूप लावलेली एक खोली होती आणि तिच्या दारात जुनी कौलं रचून ठेवली होती.

ताराने हातातला कागद पुन्हा वाचला. घर नंबर तोच होता. ‘नवी पाटी शिक्षण मंडळ. चालक : महादेव गावकर.’

शेजारच्या घरी एक म्हातारी कोकमाची सोलं वाळत घालत होती. ताराने तिला विचारलं.

“महादेव? तो खाणीवर ट्रक चालवतो,” म्हातारी म्हणाली. “शाळा कसली गो? पहिलीत असतानाच सुटली त्याची.”

“आता कुठे भेटेल?”

“पंधरा दिवस झाले, पेडण्याला गेलाय बहिणीकडे. कसलंसं सरकारी पत्र आलं, तेव्हापासून धड जेवत नव्हता.”

ताराचा भाऊ शिवदास स्कूटरवरून उतरलाच नव्हता. “झालं समाधान?” तो म्हणाला. “चल आता.”

“दादा, ही शाळाच नाही! आपलं काम काढून घेतलं ते ह्या कुलपाने!”

शिवदासने स्कूटरला किक मारली.

तारा शेट्ये सहा वर्षं डिचोलीच्या कारखान्यांमागच्या एका शेडमध्ये वर्ग चालवत होती. कोल्हापूर-बेळगावकडून आलेल्या कामगारांची मुलं तिथे यायची. ती त्यांना शाळेत बसण्याइतकी तयार करायची आणि मग स्वतः हाताला धरून शाळेत नेऊन घालायची. यंदा सरकारने डिचोली आणि पेडणे तालुक्यांत अशी चौदा केंद्रं चालवायला द्यायची ठरवली आणि अर्ज मागवले. तीन अर्ज आले. एकाकडे शिकलेले शिक्षक नव्हते. ताराच्या अनुभवाच्या दाखल्यावर शिक्का नव्हता. दोन्ही बाद झाले आणि उरला तिसरा, नवी पाटीचा. त्याचे कागद बिनचूक होते. एक जूनपासून चौदाही केंद्रं त्याची. ताराने शेड रिकामी करायची होती.

शिवदासचं डिचोलीच्या बसस्टँडजवळ टायपिंगचं दुकान होतं. ताराचे सगळे कागद तोच करायचा. “शिक्का बघायचा राहिला, चूक माझी,” असं तो निकालाच्या दिवशी म्हणाला होता. ताराने त्याला एका शब्दानेही दोष दिला नाही. तिने निकालाविरुद्ध अपील केलं. ते मात्र तिने स्वतःच्या हाताने लिहिलं, कारण शिवदासने टाइप करायला नकार दिला.

“मागे घे,” तो रोज सांगायचा. “पुढच्या वर्षी भरू.”

“पुढच्या वर्षी ही मुलं कुठे असतील? विटा उचलत असतील.”

“ह्याच्या मागे कोणतरी असणार, तारा. तुला काय ठाऊक आहे?”

ते खरं होतं. तिला काहीच ठाऊक नव्हतं. कार्यालयातल्या कारकुनाने बजावलं होतं की अपिलातला आरोप सिद्ध झाला नाही, तर तिला पुन्हा कधी अर्ज करता येणार नाही. शेडमध्ये मुलं कमी होत चालली होती. बेळगावची भाग्यलक्ष्मी नऊ वर्षांची होती. वाचताना मध्येच थांबून ती विचारायची, “बाई, सोमवारी यायचं ना?”

“यायचं,” तारा म्हणायची. आणि फळ्याकडे वळायची.

शुक्रवारी म्हापशाला बस बदलून ती एकटीच पेडण्याला गेली. महादेवच्या बहिणीचं घर तिने विचारत विचारत शोधलं. ती अंगणात शिरली तसा कुणीतरी मागच्या दाराने माडांमधून पळत गेला. बहिणीने पुढचं दार लावून घेतलं. ताराने तो पत्ता कार्यालयात दिला. महादेवला सुनावणीची नोटीस त्याच पत्त्यावर गेली.

हे कळलं तेव्हा शिवदास जेवत होता. त्याने ताट बाजूला सारलं. “त्याला कशाला बोलावलंस?”

“खरं बाहेर यायला नको?”

तो उठून हात धुवायला गेला, तो बराच वेळ आत आलाच नाही.

सुनावणी पणजीला शिक्षण सचिवांसमोर होती. तिथे मात्र शिवदास तिच्यासोबत आला. मागच्या खुर्चीवर गुडघ्यांवर हात ठेवून बसला. ताराने कुलूपबंद खोलीचे फोटो टेबलावर मांडले. म्हातारीचा लेखी जबाब दिला.

“मॅडम, माझं काम गेलं ते जाऊ दे. पण ज्याने हे खोटे कागद केले, त्याने चौदा केंद्रांतल्या चारशे मुलांची शाळा मोडली. त्याच्यावर गुन्हा नोंदवा. तो कोणीही मोठा असो, त्याला सोडू नका.”

सचिवबाईंनी फाइल चाळली. “काम दिल्याचा आदेश रद्द. नव्याने अर्ज मागवले जातील. तोवर तुमचे वर्ग चालू राहतील.”

ताराचे डोळे भरून आले. तिने मागे वळून पाहिलं. शिवदास जमिनीकडे बघत होता.

“आणि गुन्ह्याची तुमची मागणीही मान्य,” बाई म्हणाल्या. “आज कागद पोलिसांकडे जातील. महादेव गावकर आलेत?”

कोपऱ्यातून एक काळासावळा माणूस उभा राहिला. त्याच्या हातात ते सरकारी पत्र होतं, घामाने भिजलेलं.

“या अर्जावर सही तुमची आहे?”

“माझीच, बाई. पण काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही.”

“मग सही कोणी घेतली?”

महादेवने खोलीभर नजर फिरवली. ती मागच्या खुर्चीवर थांबली.

“ह्या शिवदासबाबांनी. म्हणाले, ‘तीन अर्ज झाले नाहीत तर सरकार माझ्या बहिणीचा, ताराचा अर्ज उघडायचंच नाही.’”