रिकाम्या गाडीतलं धृपद

माझी बॅटरीची ऑटो जराही आवाज करत नाही. अचलपूरच्या रस्त्यावर गुरं बाजूला होत नाहीत, म्हणून मी अभंग म्हणत चालवतो. देवाचं नाव होतं आणि रस्ताही मोकळा होतो.

माझी बायको माणिकबाई होती तोवर कीर्तनात मी चरण म्हणायचो आणि ती बायकांमधून धृपद उचलायची. ती गेली, तेव्हापासून माझा चरण अधांतरी राहतो.

महिन्याभरापासून रिकाम्या गाडीचीही बॅटरी लवकर उतरायला लागली. मेकॅनिक नितेशनं मीटर पाहिलं.

"काका, सवारी बसल्यावानी बॅटरी खाऊन राहिली हे. कोणाले फुकट फिरवता?"

"कोणालेच नाही रे."

"मंग मागची सीट काढून पाहू. वजन कमी होईन."

"सीटले हात लावू नको," मी म्हणालो. चरण संपला की मागून धृपद यायला लागलं होतं, हे त्याला कसं सांगणार? आरशात सीट रिकामीच दिसायची. मला तेवढंही पुरे होतं.

काल दुपारी फक्त तिला ऐकावं म्हणून मी गप्प राहिलो. तरी मागे चरण सुरू झाला. आवाज पुरुषाचा होता, माझाच. मग तिनं धृपद उचललं.

वळणावर संत्र्यांची टोपली घेतलेल्या बाईनं हात केला. मी गाडी थांबवली. तिनं मागच्या सीटवर पाहिलं, मग पुढच्या, आणि लेकीला मागे ओढलं.

"नवराबायको तर मस्त गाऊन राहिले वं," ती लेकीला म्हणाली, "पण गाडी कोण चालवून राहिलं?"