मुका कण

नळी हलकी भरली आहे हे ज्या दिवशी त्याच्या ध्यानात आलं, त्याच दिवशी शब्दवाली आली.

नळी पक्ष्याच्या जाड पिसाची, मेणाच्या बुचाची. नदीची वाळू धुऊन दिवसभरात निघतील ते सोन्याचे कण तो तिच्यात ठेवत असे. महिन्याकाठी ती बोटभर भरायची. बायको गेल्यानंतरची ही पहिलीच नळी, आणि ती अर्धीही भरली नव्हती. नदी तीच, खड्डा तोच, वाळू धुवायची लाकडी काठवटही तीच. धुवायचं काम आधीही त्याचंच होतं. मग कण गेले कुठे? खड्ड्यात त्याच्याबरोबर उतरायचा तो एकटा थोरला भाऊ. सकाळभर तो भावाच्या हातांकडे बघत राहिला. शेवटी भाऊच म्हणाला, "काय रे, माझ्या हाताला काय सोनं लागलंय?"

त्याला हसू आलं नाही. तो घरी आला, तर उंबऱ्यावर शब्दवाली वही घेऊन बसलेली. ती कॉलेजातली बाई. नदीवरच्या धंद्यातले जुने शब्द उतरवून घ्यायची, म्हणून सगळे तिला शब्दवाली म्हणत. सबंध हिवाळा ती त्याच्या बायकोपाशी बसली होती. आता वही छापायला द्यायची होती आणि बरोबर-चूक सांगायला बायको नव्हती.

"काका, मी वाचते. चुकलं असेल तिथे अडवा. काळी."

"जड वाळू. काठवटीच्या तळाशी राहते ती."

"शेपूट."

"काळीच्या मागे पिवळी रेघ उमटते. ती दिसली की श्वाससुद्धा हळू घ्यायचा."

"दाढ."

"खडकातली फट. कण तिथे अडकतात."

"आंधळी काठवट."

तो थबकला. "हा आमच्यातला नाही."

"काकूंनीच सांगितलाय. घाईत फिरवलेली, कण आत असतानाच रिकामी केलेली काठवट. पुढे आहे उष्टं. म्हणजे पुरुषांनी धुऊन टाकलेली वाळू. आणि मुका कण." तिने पान उलटलं. "उष्ट्यात सापडलेला कण. ज्याची वाळू, त्याला सांगायचा नाही."

तीस वर्षं तो नदीवर होता. यातला एकही शब्द त्याच्या कानावरून गेला नव्हता. सांगायचा नाही! चोरांची बोली वेगळी असते, एवढं त्याला ठाऊक होतं. आपल्याच चुलीपाशी ती बोलली जात होती, हे ठाऊक नव्हतं.

"तिच्याबरोबर आणखी कोण बसायचं?"

"तुमच्या वहिनी."

तो तसाच उठला आणि परत नदीवर गेला. खड्ड्याच्या खालच्या अंगाला, पाणी उथळ होतं तिथे, वहिनी बसली होती. दोघी जावा तिथे बसून लोकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढतात, असंच तो इतकी वर्षं समजत आला होता.

"वहिनी, मुका कण म्हणजे काय?"

वहिनीचे हात पाण्यातच थांबले. "तरी मी तिला म्हणाले होते, वहीत देऊ नकोस म्हणून."

"म्हणजे कुंपणच शेत खात होतं. वाळू माझी, आणि बायकोही माझी."

"तुमचीच हो, भावजी. पण धुता कसली? मागे वाघ लागल्यासारखी काठवट फिरवता. तीन फेरे, की दिली फेकून. आंधळी काठवट हे नाव तिनं तुमच्यावरूनच पाडलं. हसून हसून आम्ही पाण्यात पडायच्या राहायचो."

"आणि कण? ते कुठे ठेवले तिनं? कुणाला दिले?"

वहिनीने पदराला हात पुसले. त्याच्याकडे नीट पाहिलं.

"संध्याकाळी नळीला बूच कोण बसवायचं?"

"तीच. माझी बोटं जाड. मेण सरकतं."

"मग?"

दर महिन्याला तो नळी भावासमोर धरायचा आणि म्हणायचा, नुसती वाळू असून भागत नाही, हात लागतो हात. भाऊ मान डोलवायचा. बायको तिथेच बसलेली असायची.

"मला सांगायचं नाही होय?" त्याने विचारलं.

"मी म्हणायचे, सांग. ती म्हणायची, राहू दे, त्यांना त्यांच्या हाताचा फार अभिमान आहे."

शब्दवाली धापा टाकत मागून आली होती. तिने वही उघडली. "काका, हे तीन शब्द ठेवू की काढू?"

"ठेवा," तो म्हणाला.

मग तो पाण्यात उतरला. महिनाभर त्याने टाकलेल्या वाळूचा ढीग तिथेच होता. वहिनीने त्याला हात लावला नव्हता. ती त्याच्या बायकोची बसायची जागा होती. त्याने त्यातली ओंजळभर वाळू काठवटीत घेतली आणि फिरवू लागला.

"हळू," वहिनी म्हणाली.

त्याने हात आणखी हळू केला. काळी सरकली आणि तिच्यामागे शेपूट निघालं. चांगलं लांब होतं.

एवढी एकच काठवट धुऊन झाली आहे. बाकीचा ढीग अजून तसाच पडला आहे.